बाण थांबला की

दादा, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला आता बोलता येत नाही, तेव्हा आपलं जमायला हरकत नाही. तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली असतील. एवढ्या वर्षांत बापाला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितोय ते टॅबवर. टॅब म्हणजे काचेची पाटी समजा. नातवाची शाळा घरूनच चालायची तेव्हा मुलानं घेतलेली, मग कपाटात पडून होती. तिला वायर लावून माऊस जोडलाय. साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी वस्तू आहे. ती डाव्या हाताखाली धरून मांडीवरच्या पाटावर सरकवायची, की काचेवर एक काळा बाण सरकतो. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जायला मला तुमची बिडी पेटेस्तोवर वेळ लागतो. मेलेल्या माणसाला घाई नसते म्हणून तुम्हालाच लिहितोय. जिवंत माणसं माझी दोन अक्षरं होईपर्यंत उठून जातात.

मागच्या वर्षी मला झटका आला. उजवी बाजू गेली आणि जीभ लुळी पडली. उमेदीची सगळी वर्षं मी मंचरच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारण्यात घालवली. ढिगाशेजारी उभा राहून आवाज टाकला की पलीकडच्या गाळ्यातला माणूस हातातला चहा खाली ठेवायचा. त्या तोंडातून आता नुसतं ‘अं’ येतं आणि लाळ येते. डोकं मात्र शाबूत आहे हो, सगळं कळतं. पण भेटायला येणारे एक तर मी बहिरा असल्यासारखे ओरडतात, नाही तर मी तिथं नसल्यासारखे माझ्यादेखत माझंच बोलत बसतात. मला मान हलवता येते. औषध कडू लागलं म्हणून हलवली, लंगोट नको म्हणून हलवली, मऊ भाताचा कंटाळा आला म्हणून हलवली. होता होता घरात ठरून गेलं की बाबा सगळ्यालाच नको म्हणतात. कारण सांगता येत नसलं की माणसाचा नकार नुसता हट्ट होतो, हे मला या खाटेवर कळलं.

डाव्या हातानं पेन धरून बघितलं. कागदावर कोंबडी चालून गेल्यासारखं व्हायचं. मग मुलानं हा टॅब आणून दिला. पण काचेला बोट लावायचं म्हणजे बोट थरथरायला नको, आणि माझं थांबतच नाही. ‘प’ दाबायला जावं तर ‘फ’ यायचा, तळवा टेकला की भलतंच काहीतरी उघडायचं. एकदा भर दुपारी एका कांद्याच्या व्यापाऱ्याला फोन लागला, तोही तोंड दिसणारा. तो बिचारा जेवत होता. घास हातात धरून ‘बोला ना राव, बोला’ म्हणत राहिला आणि मी ‘अं अं’ करत राहिलो. त्या दिवशी टॅब परत कपाटात गेला. शेवटी सुनेनं तिच्या ऑफिसातला जुना माऊस आणला. बाण मोठा केला, त्याचा वेग बैलाच्या चालीवर आणला. तरी बटण दाबताना हात हलायचाच. तेव्हा तिनं आणखी एक खुबी शोधून काढली. आता मला काही दाबायचंच नाही. बाण जिथं क्षणभर थांबेल ते आपोआप दाबलं जातं.

ऐकायला सोपं वाटतं. पण दम खायला म्हणून हात सैल सोडला की बाण जिथं असेल तिथलं काहीतरी होऊन बसतं. अक्षर उठतं, पान बंद होतं, लिहिलेलं जातं. काही करायचं नसेल तर बाण फिरवत ठेवायचा, किंवा कडेच्या मोकळ्या जागेत नेऊन सोडायचा, आणि तेवढ्या लांब जाईस्तोवर हात मोडून येतो. लिलावात मी लोकांना हेच करायचो. एक वार, दोन वार म्हणत बघायचो, समोरचा गप्प राहिला की गेला माल. त्यांचं तेव्हा काय होत असेल ते आता कळतं.

पहिल्यांदा ‘पाणी’ असं लिहिलं तेव्हा घरात टाळ्या पडल्या. मुलानं त्याचा व्हिडिओ काढून पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला. मला असा राग आला की काय सांगू. नव्यानं चालायला लागलेल्या पोराचं करावं तसं माझं कौतुक चाललं होतं. त्या दिवसापासून त्यांच्यासमोर पाणी, पंखा, उशी एवढंच लिहितो. बाकीचं एकटा असताना.

माऊसवर हात ठेवला की मला बेल्ह्याचा बैलबाजार आठवतो. तुम्ही बैलांची दलाली करायचा. घेणारा आणि तुम्ही समोरासमोर बसलाय, दोघांच्या हातांवर टॉवेल, आणि टॉवेलाखाली बोटांनी भाव चाललाय. एक बोट धरलं की शंभर, अख्खा पंजा धरला की पाचशे. भोवती पन्नास माणसं उभी, पण कुणाला पत्ता नाही. तोंडानं तुम्ही पावसापाण्याचं बोलताय. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. मला शिकवायचं म्हणून तुम्ही माझा हात तुमच्या हाताबरोबर टॉवेलाखाली घेतलात. घेणाऱ्याची खरबरीत बोटं माझ्या बोटांवर आली, मी मोजली आणि मोठ्यांदा म्हणालो, ‘दादा, नऊशे म्हणत्यात!’ सगळा घोळका हसला. घेणाऱ्यानं हात काढून घेतला, धोतर झटकलं आणि चालू लागला. मला वाटलं आता पाठ सोलून निघणार. तुम्ही मारलं नाही. मला शेव-रेवडी घेऊन दिलीत आणि घरी येताना वाटेत म्हणालात, ‘हात बोलत असला की तोंडानं गप ऱ्हायचं असतं. तुला न्हाई जमायचं ते. तू आपला तोंडाचाच धंदा कर.’

ते मला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाकऱ्या थापत होती, तुम्ही चुलीपाशी बसून टॉवेल पसरला आणि पुन्हा माझा हात मागितलात. मी फुगलेला, देईना. तेव्हा आईनंच पिठाचा हात टॉवेलाखाली घातला. तिनं काय धरलं कोण जाणे, तुम्ही एवढे हसलात की खोकला लागला. ‘ही बया फुकटात बैल नेईल,’ म्हणालात. मी मात्र तोंडाचाच धंदा केला, दादा, आणि चांगला केला. आता तोंड मिटून एका हातानं बोलायची पाळी आलीय, आणि समोर बोटं ओळखणारं कुणी नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात एका रविवारी मुलगा बायकोला घेऊन पुण्याहून आला आणि खाटेच्या कडेवर बसून म्हणाला की दिवाळी झाली की कळंबचं हे घर बंद करायचं, आई-बाबांना तिकडं न्यायचं. सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहे. वाईट काहीच बोलला नाही तो. मी मान हलवली. त्यानं बायकोकडं बघितलं आणि तेच म्हणाला, बाबा सगळ्यालाच नको म्हणतात. झालं, विषय संपला.

दवाखान्यातून सुटल्यावर आठ दिवस त्या फ्लॅटवर राहिलोय मी. कबुतरं येतात म्हणून गॅलरीला जाळी ठोकलीय. खाटेवरून जाळी दिसते आणि जाळीतून समोरच्या इमारतीची जाळी. इथं माझी खाट ओट्याकडच्या खोलीत आहे, दार उघडं असतं, समोर रस्ता. मंचरला कांदा घेऊन जाणाऱ्या पिकअप जातात. निम्म्या ड्रायव्हरांना मी नावानं ओळखतो. कुणी हॉर्न देतं, कुणी गाडी हळू करून ‘बरं हाय का, भाऊ?’ म्हणून ओरडतं, मी डावा हात वर करतो. दिवसातून तेवढंच माझं बोलणं, पण त्यात मी अजून लिलाववाला असतो. तिकडं मी नुसता पेशंट. त्या जाळीआड मी रोज थोडा थोडा मरेन, याची मला खात्री आहे.

म्हणून मी लिहायला घेतलं. मान नाही हलवायची, कारणासकट सांगायचं. रोज दुपारी ही आत पडली की बाण चालवायचा. हॉर्न, ड्रायव्हर, जाळी, सगळं घातलं त्यात. टॅबमध्ये एक बटण आहे, त्यावर बाण थांबला की लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवतं. आवाज बाईचा आहे, बातम्या सांगणारीसारखा. हळू आवाजात ऐकून बघितलं. ‘मी इथून हलणार नाही’ हे माझं वाक्य त्या बाईनं इतक्या गोड गळ्यानं म्हटलं की माझं मलाच हसू आलं. पण कारण होतं त्यात, शिंगांपासून शेपटापर्यंत. येत्या रविवारी सगळे समोर बसले की बटणावर बाण न्यायचा, असं ठरवून टाकलं.

शनिवारी दुपारी ही पावट्याच्या शेंगा घेऊन माझ्यापाशी सोलायला बसली. मी काय लिहितो ते ती बघत नाही. बाण पळताना बघून तिला गरगरतं. निम्म्या सोलून झाल्यावर शेंगांकडं बघतच बोलायला लागली.

‘मी दमले वो,’ म्हणाली. ‘तुमचं करायला माझी ना न्हाई. पण तुमाला कुशीवर वळवताना माझ्या कमरेत अशी कळ येती, की वाटतं आता मीच पडते तुमच्या अंगावर. तिकडं सून म्हणती, मदतीला बाई ठेवते. बहिणीकडं जुन्नरला जाऊन वर्ष झालं मला, ठावं हाय? तुमी नको म्हनता, पोरगं मग माझ्याकडं बघतं, आन् माझ्या तोंडातनं शब्द फुटत न्हाई. एवढ्या बारीला नको म्हनू नका.’

शेंगांची परात उचलून आत गेली. माझ्या हाताखाली बाण कुठं थांबला मला कळलं नाही, कसलंसं पान उघडून बसलं होतं. मला राग आला, तिचा आला, माझ्या अंगाचा आला, त्या परातीचासुद्धा आला. वर्षभर मी धरून बसलो होतो की या घरात मी एकटाच अडकलोय.

रविवारी सगळे जमले. मुलगा म्हणाला, ‘बाबा, गाडी ठरवू ना? शांतपणे सांगा, तुम्हाला काय वाटतं?’ आता विचारायची बुद्धी झाली त्याला. पाटावर टॅब, त्यात माझं सगळं लिहिलेलं, कोपऱ्यात ते बटण. ही दाराच्या चौकटीला धरून उभी, माझ्याकडं बघत नव्हती. मी बाण बटणाजवळ नेला आणि थांबू दिला नाही. फिरवत राहिलो, बटणाच्या भोवती, अक्षरांच्या वरून, परत बटणाकडं. हात भरून आला, खांद्यात गोळा आला. सून म्हणाली, आज हात जास्तच थरथरतोय वाटतं. थरथरत नव्हता, दादा. आख्ख्या वर्षात तो एवढा माझ्या ताब्यात कधी नव्हता.

मग मी ते पान मिटलं, कोरं पान उघडलं आणि दोन अक्षरं लिहिली. बाण बटणावर नेऊन थांबलो. बाई गोड आवाजात म्हणाली, ‘चला.’

मुलगा हसला, त्यानं माझा खांदा दाबला. सून म्हणाली, बघा, उगाच काळजी करत होतो. ही आत जाऊन चहा टाकायला लागली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. चहा आला तेव्हा तिनं पदरानं कप पुसला, माझ्या तोंडाला लावला आणि दुसऱ्या हातानं माझी हनुवटी धरली. कप रिकामा होईपर्यंत ती हनुवटी सोडायला तयार नव्हती.

आता दिवाळी होऊन गेलीय. गाडी परवा येणार आहे. आत भांडी कागदात गुंडाळायचा आवाज चाललाय, आणि मधूनच ती काहीतरी गुणगुणतेय. तिचं गुणगुणणं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. तुम्हाला वाचता येत नाही, म्हणजे हे तुमच्यापर्यंत पोचवायचं तर मोठ्यानं वाचूनच दाखवायला हवं. बटण आहे. पण स्वयंपाकघर हाताच्या अंतरावर आहे आणि टॅबमधल्या बाईचा आवाज चांगला खणखणीत आहे, म्हणून बाण मी तिकडं नेत नाही. मला जायचं नाही, दादा.