मंकी पान्याची व माझ्या इतर मालमत्तेची व्यवस्था

मी, थोरले मिस्त्री, वय एक्क्याऐंशी पूर्ण, धंदा नळजोडणी व पंपदुरुस्ती, शिक्षण इयत्ता चौथी, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की, माझे डोके ठिकाणावर आहे. गेल्या सोमवारी डॉक्टरांनी खात्रीसाठी शंभरातून सात-सात वजा करण्यास सांगितले. मी दोनपर्यंत गेलो व पुढे जाऊ का असे विचारले. तेव्हा तेच थांबले. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दाब नाही. पत्नी शेजारी भाजी निवडत असून मधून मधून बोलत आहे. त्यास दाब म्हणता येणार नाही, असे वकिलांचे मत पडले.

कलम पहिले. राहते घर, वरच्या दोन खोल्या व जिना धरून, पत्नीचे. तिच्या पश्चात धाकट्या भावाच्या मुलीचे, म्हणजे पुतणीचे. आम्हास मूलबाळ नाही. पुतणी आहे, आणि ती पुरून उरते. जिन्याची तिसरी पायरी करकरते, ती कोणी दुरुस्त करू नये. कोण आले, कोण गेले, हे पत्नीस पडल्या जागी कळते.

कलम दुसरे. बँकेतील ठेव पत्नीची. ती तिने जपू नये, खर्च करावी. मी जन्मभर "पुढे बघू" म्हणत आलो, त्याबद्दल येथे दिलगिरी नोंदवतो. (हे वाचून ती म्हणाली, "बरं झालं, लेखी मिळालं. आता खोडू नका.")

कलम तिसरे. हार्डवेअरवाल्यास काहीही ठेवलेले नाही. कारण पुढे येईल.

कलम चौथे. कारखान्यातील माझा अर्धा हिस्सा, पाइप आवळून धरणारा बाकावरचा वाइस, आटे पाडण्याचा संच व भिंतीवरील सर्व पाने पुतणीस द्यावेत. पाइपावर तळवा ठेवून ती गळती कोठे आहे ते सांगते. हे मला तीस वर्षांनी जमले, तिला कामाच्या तिसऱ्या वर्षी. याचा मला राग नाही. थोडा होता, तो गेला.

कलम पाचवे. मंकी पाना. वरील पान्यांत हा धरू नये. हा आमच्या वडिलांचा, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू. दांड्यावर जबडा सरकतो व लहानमोठ्या कोणत्याही नटास बसतो, असे हे हत्यार होय. आबांचा नियम होता की नवीन माणसाने हत्यारास हात लावण्यापूर्वी त्याचे नाव व नावाचे कारण ऐकावे. "कारण माहीत नाही ते हत्यार बोट चेचतं," असे ते म्हणत. हा नियम आमच्याकडे आजही चालतो. फक्त या एका पान्याच्या नावाबद्दल विचारले की आबा हसत व चहा सांगत.

खरे कारण मी लिहून ठेवतो. पाण्याच्या टाकीचे काम चालू असता आबा हाच पाना कमरेला खोचून शिडीवाचून टाकीवर चढले. ते पाहून कामावरचा साहेब म्हणाला, "मंकी!" तेव्हापासून तो मंकीचा पाना, व पुढे मंकी पाना. धाकटे बंधू हे मानत नाहीत. त्यांच्या मते जबडा दांड्यावर माकडासारखा वरखाली करतो म्हणून हे नाव. आबांचा काही संबंध नाही. हार्डवेअरवाले तर म्हणतात, "अहो, जगभर त्याला हेच म्हणतात, तुमच्या आबांच्या आधीपासून!" जगाने आमच्याकडून घेतले असेल, आमची हरकत नाही. त्यांच्या विरुद्ध आम्ही दोघे भाऊ एक आहोत. एकमेकांशी बोलत नव्हतो, तेवढेच.

ते असे झाले. नऊ वर्षांपूर्वी बेकरीच्या तळघरात मुख्य नळाचा नट अर्धा सुटलेला असताना हा विषय निघाला. हातवारे करता यावेत म्हणून मी पाना खाली ठेवला. धाकट्यांनी उत्तर देण्यासाठी दाबून धरलेला कॉक सोडला. अकरा पोती मैदा भिजला. बेकरीवाले गुडघाभर पाण्यातून ओरडले, "अहो पंडितहो, वाद मागाहून घाला, आधी नट आवळा!" भरपाई दोघांनी दिली, बोलणे मात्र बंद पडले. कारखाना एक, बाकडी दोन, मध्ये पुतणी.

"तुझ्या बाबांना विचार, टेप संपली का."

"काकांना सांग, डोळे असतील तर डब्यात बघा."

"मी इथे फिटर आहे की टेलिफोन?" असे ती विचारी. दोघांचाही पगार घेत असल्याने तिला उत्तर देणे आम्हास कठीण जाई.

सबब मंकी पाना धाकट्या बंधूंस द्यावा. <S>परंतु प्रत्येक नवीन माणसास त्यांनी नावाचे माझे कारण सांगावे, स्वतःचे सांगू नये. सांगितल्यास पाना परत घ्यावा.</s> (खोडलेले वाचता आले पाहिजे, म्हणून एकच रेघ मारली आहे.)

कलम सहावे. हे आज सकाळी वाढवले. वकिलांनी धाकट्यांस अट मान्य आहे का हे विचारण्यास बोलावले होते. ते उभ्यानेच म्हणाले, "पाना नको. मला साक्षीदार करा."

वकील म्हणाले, "ज्याला काही मिळतं, तो साक्षीदार होत नाही."

"म्हणूनच नको म्हणतोय. साक्षीदाराला सहीखाली शेरा मारता येतो ना?"

"मारू नये."

"पण येतो ना?"

मग ते नऊ वर्षांनी माझ्याकडे वळले. "दादा, साहेब आबांना मंकी म्हणाला तेव्हा तू वॉशर आणायला गेला होतास. मी खाली उभा होतो. सगळे हसले. आबाही हसले. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. आणि तू तीच गोष्ट छाती फुगवून सांगत फिरतोस!"

मी म्हणालो, "हे इतक्या वर्षांत बोलला का नाहीस?"

"तू बोलायला जागा ठेवतोस कुठे?"

पत्नी म्हणाली, "हे मात्र खरं."

ही हकीकत मला आबांनीच सांगितली होती, हसत. ते हसू घट्ट बसले आहे की वरवर, हे मी पाहिले नाही. नट आवळल्यावर मी दोनदा तपासतो. येथे एकदाही तपासले नाही.

सबब पाचव्या कलमातील अट व देणगी दोन्ही रद्द. मंकी पाना पुतणीस द्यावा. नवीन माणसास तिने असे सांगावे: आबा शिडीवाचून चढले, साहेब मंकी म्हणाला, सगळे हसले, त्या दिवशी आबा जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पाना कमरेला खोचून पुन्हा चढले. हे शेवटचे मी स्वतः पाहिले आहे. यातील एकही वाक्य गाळू नये. त्यानंतर धाकट्यांचे कारण सांगण्यास माझी मनाई नाही. ते हयात असेपर्यंत त्यांनीच सांगावे, मात्र नट सुटलेला असताना नव्हे.

नाव आबांवरूनच पडले, यावर मी ठाम आहे.

येणेप्रमाणे लिहिले, सर्वांस वाचून दाखवले, व शुद्धीवर असताना सही केली.

ठिकाण: कारखाना, खिडकीकडील बाक
तारीख: १९ नोव्हेंबर, सकाळी अकरा

(सही) थोरले मिस्त्री

साक्षीदार पहिले: (सही) हार्डवेअरवाले. यांस शेरा लिहिण्याची परवानगी नाही.

साक्षीदार दुसरे: (सही) धाकटे मिस्त्री. शेरा: सही माझी आहे. आबांची हकीकत आता बरोबर लिहिली आहे. नावाचे कारण अजून चूक आहे. उद्या सकाळी येऊन दादास समजावतो. वहिनींनी चहा ठेवावा.