शाळा सोडलेली नऊ मुलं

४ ऑगस्ट
पत्र आलं. पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी. मुखेड तालुक्यातून आपलीच शाळा! क्लार्क शेषेराव म्हणाला, कॉम्प्युटरनं चिठ्ठ्या टाकल्यात. कॉम्प्युटर उगाच कशाला टाकेल? एकोणीस वर्षं मुख्याध्यापक आहे, कुठंतरी नोंद झालीच असणार. संकल्प: जपानला मागं टाकायचं. निदान नांदेडला तरी.

७ ऑगस्ट
सरावाचे प्रश्न आले. टाकीला खाली भोक. तासात अर्धी रिकामी झाली, तर पूर्ण दोन तासांत होईल का? मुलं विचारतात, सर, कोणता धडा? धडाच नाही. मी सोडवला: दोन तास. उत्तरसूचीत 'नाही, जास्त लागेल'. छपाईची चूक.
दहावीतली महामाया म्हणाली, "सर, पाणी उतरलं की धार बारीक होती की." आगाऊ.

१२ ऑगस्ट
निर्णय. नऊ मुलं यादीतून कमी. रजिस्टरला शेरा, 'शाळा सोडली'. फक्त कागदावर, चाचणीपुरतं. आठ कच्ची, उरलेली एक महामाया, पाहुण्यांपुढं तोंड चालवेल. गणिताच्या साक्षी मॅडम म्हणाल्या, "सर, ती नऊ जणं आत्ता खाली प्रार्थनेला उभी हायत." म्हटलं, शाळेच्या नावासाठी महिनाभर घरी बसायला सांगा. प्रशासनात काळीज मध्ये आणायचं नसतं. (वाक्य छान जमलं.)

१९ ऑगस्ट
महामायाचे वडील व्यंकटराव आले. गवंड्याच्या हाताखाली असतात. खुर्ची दिली, बसले नाहीत.
"लेकीनं काय केलं, सर?"
काही नाही, थोडी विश्रांती, म्हटलं.
"तरणी पोर नुसती घरी बसवून काय करू? टीसी देऊन टाका."
दोन मिनिटांत दिली. शेरा आपोआप खरा झाला. फार हलकं वाटलं.

२८ ऑगस्ट
आणखी सहा टीसी. एकही पालक भांडला नाही. विश्वास! वर्ग एकदम शांत झालाय. मधल्या सुट्टीतसुद्धा. साक्षी मॅडम माझ्याशी बोलत नाहीत. जेलसी.

९ सप्टेंबर, चाचणी
हार, नारळपाणी, सगळं फर्स्ट क्लास. पण यादी त्यांचीच, जूनच्या ऑनलाइन नोंदीवरून. आपल्याकडं पंधराची मुलंच एकतीस, म्हणून सगळीच यादीत. अधिकारी बाई एकेक नाव वाचायच्या, नऊ वेळा थांबल्या. थांबल्या की पंख्याचा आवाज यायचा. कुठं गेली, विचारलं. माहीत नाही, म्हटलं. हजेरी कमी, शाळा बाद. जाताना म्हणाल्या, महिन्याभरात नऊ मुलं कुठं गेली, हे लेखी द्या.

११ सप्टेंबर
दोघं परत आली. तिघं पुण्याला कामावर, तिघांच्या घरी नीट सांगत नाहीत. काळजीचं कारण नाही. उद्या महामायाला आणायचं, बाकीचे मागोमाग येतील.

१२ सप्टेंबर, दुपारी दोन
घरी आई एकटीच, सरजाबाई. महामाया पंधरा दिवसांखाली मुकादमासोबत हैदराबादला बांगड्यांच्या कारखान्यात गेली. आठ दिवसांपासून मुकादमाचा फोन बंद. बाप तिकडं गल्ल्या धुंडून राहिलाय. पोलीस ठाण्यात म्हणाले, टीसी काढलेली पोरगी, कामाला गेलीय, येईल.
मी काही बोलायच्या आत त्यांनी चहा ठेवला. कप पदरानं पुसून दिला.
"सर, शाळंला कमीपणा नगं म्हणून पोरीला घरी ठेवलं आम्ही. झाली का परीक्षा चांगली?"
हाव, म्हणालो.