इंजिनाच्या नाकावर चक्क्याचे फडके

मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. १८ सप्टेंबर १९७४

ज्येष्ठ मेहुणे श्री. नृसिंहराव यांच्या चरणी सविनय नमस्कार.

आपला डावा गुडघा जयसिंगपूरच्या कोरड्या हवेत सुधारला असेल, अशी आशा करतो. माझी प्रकृती ठीक आहे. जेवण वेळेवर होते. चव हा वेगळा विषय आहे.

कै. कालिंदीच्या पश्चात पिठाच्या गिरणीचे इंजिन विकून टाकावे, शिरोळचे बागायतदार आकाराम ते विहिरीवर बसवण्यासाठी घेण्यास तयार आहेत, हे आपले पत्र पोहोचले. गिरणी आपल्या वडिलांनी आपल्या भगिनीस दिलेली आणि तिने सव्वीस वर्षे चालवलेली. मी तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. माझा गिरणीशी संबंध भाकरीपुरता. तेव्हा आपला प्रस्ताव मला तत्त्वतः मान्यच आहे. केवळ सदोष वस्तू परक्याच्या गळ्यात पडू नये, एवढ्याच हेतूने मी दुरुस्ती हाती घेतली आणि पुढील प्रकार घडला.

दोष असा होता. इंजिनाच्या पोटात साठणारी तेलकट वाफ बाहेर सोडण्यास एक नळी असते. तिला ब्रीदर म्हणतात. तिच्या तोंडावरील जाळीने तेल अडवावे आणि वाफ तेवढी जाऊ द्यावी, अशी योजना आहे. आमची जाळी गंजून फाटली होती आणि पिठाला तेलाचा वास लागत होता. (ही वार्ता मला इंजिनाने नव्हे, बनाबाईंनी दिली.) बनाबाई आमच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाईक. पाच बायकांदेखत माझ्यापुढे डबा आदळून त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या पिठाची भाकरी खाल्ली की आमच्या म्हाताऱ्याला एस्टीत बसल्यागत हुतंय!" (मी मास्तर नव्हे, प्राध्यापक, परंतु ती वेळ त्या दुरुस्तीची नव्हती.)

मी तत्काळ उद्यमनगरात सयाजी यांच्या सुट्या भागांच्या दुकानी गेलो. त्यांनी विचारले, इंजिन किती हॉर्सपॉवरचे? मी म्हणालो, हिरवे. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. नंतर इंजिनाचे एकंदर वर्णन ऐकून त्यांनी तीन वस्तू मांडल्या: एक विरळ तारेची जाळी, एक दाट जाळी आणि एक नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड चकती. सर्वांत अधिक काय अडवते, या माझ्या प्रश्नावर त्यांनी चकतीकडे बोट दाखवले, पण हाती दिली विरळ जाळी. "बारीक नगं, सर. त्येला दम सोडाय जागा पायजे की." आता आपणच विचार करावा. अडवणे हा जाळीचा धर्म. जी अधिक अडवते ती अधिक श्रेष्ठ. म्हणून नमदाच श्रेष्ठ. या अनुमानात मला आजही दोष सापडत नाही. मी चकती घेतली. शिवाय घरी येऊन, अधिक सुरक्षिततेसाठी, कालिंदीचे चक्का टांगण्याचे फडके दुहेरी करून तिच्यावर घट्ट बांधले. (ज्या फडक्याने वर्षानुवर्षे चक्का अडवून पाणी सोडले, ते तेल अडवून वाफ सोडीलच.)

शेजारच्या केरबांनी हँडल मारले. पाच मिनिटे सर्व शास्त्रशुद्ध चालले. मग कोंडलेल्या वाफेने तेल मोजण्याची पट्टी उडवली. ती कौलावर आपटून रांगेतल्या तानाबाईंच्या बाजरीत उभी रुतली. पाठोपाठ जिथून शक्य होते तिथून, आणि जिथून शक्य नव्हते तिथूनही तेल आले. त्यातील बहुतांश माझ्या सदऱ्याने अडवले. "आवो मास्तर, नाक दाबून पळिवताय व्हय त्याला? सोडा की!" असे ओरडत बनाबाईंनी स्वतःच फडके ओढून काढले.

आपणास यातले काय कळते, असे मी त्यांना विनयाने विचारले. तेव्हा समजले ते असे. दर अमावास्येस गिरणी बंद ठेवून कालिंदी दार लावून आत बसत असे. मी ते व्रत समजत होतो आणि, विवेकवादी असल्याकारणाने, सव्वीस वर्षे त्याकडे सौम्य तुच्छतेने पाहत आलो. "कसलं वरत?" बनाबाई म्हणाल्या. "राकेलात जाळी धुवायच्या त्या. मी बत्ती धरायची." नृसिंहराव, मी तेथेच पोत्यावर बसलो. बायकांना वाटले, तेलावरून घसरलो. मी तो गैरसमज दूर केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विरळ जाळी आणली. (सयाजींनी ती कागदात गुंडाळून तयारच ठेवली होती. हा मला किंचित अपमान वाटला.) इंजिन आता सुरळीत चालते, वास येत नाही, आणि बनाबाईंच्या यजमानांनी काल तीन भाकऱ्या विनातक्रार खाल्ल्याचे अधिकृत वृत्त आहे.

सारांश, इंजिन निर्दोष असून विक्रीस सर्वथा योग्य आहे. अशा व्यवहारात भावनेस स्थान नसावे, या आपल्या मताशी मी सहमत आहे. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला,
त्र्यंबक

ता. क. श्री. आकाराम काल न कळवताच इंजिन पाहण्यास आले होते. सज्जन गृहस्थ. "सर, तुमी शिकलेली मानसं, खरं सांगा, इंजन कसं हाय?" असे त्यांनी विचारले. मी सांगितले की ते धूर ओकते, सांध्यासांध्यातून तेल गाळते आणि विहिरीवर नेल्यास विहीर नासेल.

ता. क. दुसरा. ते खात्री करून घेण्यास आपणाकडे येतील. आपणही हेच सांगावे, ही नम्र विनंती. जमल्यास आणखी दोन-तीन दोष स्वतःहून जोडावेत. मला इंजिनाचे एवढेच दोष ठाऊक होते.