वाशीच्या एक भगिनी विचारतात

५ मे ८५, रवि.
बोर्डिंगमध्ये सगळ्या जेवत असताना एकीने उभं राहून मोठ्याने वाचायचं असे. माझी पाळी असली की माझी धाकटी बहीण नलू जॅम लावलेला पाव रुमालात बांधून ठेवायची, कारण वाचणारीला शेवटी गार वरणच उरे. आज बस खाडीपुलावर अडकली तेव्हा हे आठवलं. तेव्हापासून वाचतेच आहे मी.
रेडिओवरचा रविवार सकाळचा कार्यक्रम नेहमीसारखा. आधी सिनेमातले एक पाहुणे (स्वतःबद्दल फार), मग डॉक्टर, मग सुट्टीतली बालनाट्यं. नाटकांच्या वेळा सांगताना आवाज मध्येच गेला. निर्माते देसाई नंतर म्हणाले, "बाई, आइसक्रीम कमी करा." सर्दी आहे म्हटलं. दोन महिन्यांची सर्दी!

९ मे, गुरु.
आरोग्याच्या सदराला तीनच पत्रं. तिन्ही केस गळण्याची. देसाई: "दोन-तीन लिहून टाका ना, बाई." पत्रं कमी पडली की मीच लिहिते, किती वर्षं झाली. पनवेलच्या गृहस्थांचा गुडघा माझा, ठाण्याच्या भगिनींचं पित्त नलूचं.
आज लिहिलं: वाशीच्या एक भगिनी, वय ५८. दोन महिने आवाज बसला आहे. गिळताना कानापर्यंत कळ येते. काळजीचं आहे का?
अण्णांचं, आमच्या वडिलांचं, शेवटचं दुखणंही कानातल्या कळेनेच सुरू झालं होतं. नलू तेव्हा सासरी होती, तिने ते पाहिलेलं नाही. दवाखान्याची पायरी चढायचा धीर होत नाही. पत्र लिहिणं सोपं.

१२ मे, रवि.
वाचलं. डॉ. कर्णिक उत्तरं घरून लिहून आणतात. या पत्राच्या उत्तराचा कागद त्यांनी उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि कागद पालथा घातला. देसाई काचेपलीकडे उभेच राहिले. मग डॉक्टर हळू म्हणाले, "या भगिनींनी उद्याच घसा दाखवावा. घरात कुणाचं काय आहे, कुठलं लग्न आहे, काही सबब नको. आणि एकट्याने जाऊ नये."
पुढे बालनाट्यातली मुलं राक्षसाचं गाणं म्हणून गेली. मी हसलेही, वाटतं.
घरी आले तर नलू दारातच. "वाशीत अठ्ठावन्न वर्षांची, आवाज बसलेली बाई एकच आहे गं! मी काय बहिरी? मला सांगितलं नाहीस आणि सगळ्या मुलखाला सांगितलंस!" पोळ्या करपल्या होत्या. तशाच खाल्ल्या दोघींनी. जेवताना ती एकदाच म्हणाली, "उद्या नऊला निघायचं."

१४ मे, मंगळ.
काल दवाखान्यात घशात आरसा घालून पाहिलं. गाठ आहे. तुकडा काढून तपासणार, मग पुढचं. पुढच्या सोमवारी भरती. तोवर अजिबात बोलायचं नाही. नलू दोघींचं बोलते. भाजीवालीला म्हणाली, "आमच्या ताईचं मौनव्रत आहे." भाजीवाली पाया पडायला आली, काय करू!
थकवा आहे. भीतीचा असेल.

१९ मे, रवि.
पहिल्यांदाच घरी बसून कार्यक्रम ऐकला. माझ्या जागी केंद्रावरच्या सुषमाने केला. कागद वाजवते, बाकी छान. नलू म्हणे, "तुझी सर नाही." मी पाटीवर लिहिलं: 'उगाच काही बोलू नकोस.'
बॅग भरली. डोकं शांत आहे तोवर लिहून ठेवते.
श्रोत्यांच्या पत्रांची ट्रंक सुषमाला. खरी पत्रं वरच्या कप्प्यात आहेत, उत्तरं राहिलेली अकरा. ती तिने द्यावीत.
जरीची दोन लुगडी बालनाट्याच्या मंडळाला, राण्यांसाठी. कापली तरी चालतील.
आईच्या पाटल्या आणि या वह्या नलूला. वाचू नकोस म्हटलं तरी वाचशीलच, निदान रडू नकोस.
रेडिओ स्वयंपाकघरातच राहू दे, खिडकीशी चांगला लागतो.
रविवारची सकाळ मात्र अजून कुणाच्या नावावर केलेली नाही.