पहिला बर्फ देवाले

प्रेरणाचे बाबा,
फ्रीजले नळाचा पाइप जोडून झाला. पाणी, बर्फ सारं आपोआप निघून राहिलं! मिस्त्रीनं बजावलं होतं, पहिल्या बर्फाले पाइपाचा वास येते, तो फेका. पण तुमच्या मायनं, नवं धान ठेवते तसा, तो देवापुढं ठेवला अन् प्रसाद म्हणून मोहल्लाभर वाटला. मी नाही-नाही म्हणतच राहिली. वाटणी झाल्यापासून तुमच्या भावाच्या दारात पाय न ठेवणारी माय ताट घेऊन तिथंही गेली. जाऊबाईनं तिले जेवायलेच बसवून घेतलं. आता मलेही बोलावणं आलं, चालली. घरी काही रांधलं नाही. ड्यूटीवरून आले का नवा बर्फ घेऊन सरळ तिकडंच या.
अन् पहिला बर्फ फेकायचा होता, हे तिथं बोलू नका.
रंजू