यशूला मारलेल्या हाका

प्रिय मोनिका,

जय भीम. घरात मी तुला वहिनी म्हणते, पण हे पत्र वहिनीला नाही. कॉलेजात माझ्या शेजारी बसून माझ्याच डब्यातली भाकरी संपवणाऱ्या मोनिकाला आहे. पार्लरच्या पत्त्यावर टाकलंय तेही मुद्दाम. घरी आलं असतं तर आधी बाबांच्या हातात पडलं असतं, आणि फोनवर बोलावं तर आई शेजारी बसून स्पीकर लावायला सांगते. एवढं काय लपवायचं आहे, असं तुला वाटेल. तुझ्या यशूबद्दल आहे. घाबरू नको असं लिहिणार होते, पण मीच इतकी घाबरलेय की ते वाक्य मला खोटं वाटायला लागलं. गिऱ्हाईक बसलेलं असेल तर आत्ता वाचू नको. शटर अर्धं ओढून घे आणि मग वाच.

आधी माझी खबर देते, तेवढाच मला धीर येईल. पुंडलिकनगरच्या बालवाडीत डिप्लोमाचा सराव सुरू आहे. पुढच्या महिन्यात शेवटचा पाठ, बाहेरून परीक्षक येणार. वर्गात ऋतुराज नावाचा एक पठ्ठ्या आहे. तो रडत नाही, सरळ चावतो. माझ्या मनगटावर त्याचे दात अजून दिसतात. श्रेया म्हणून एक मुलगी रोज आईची ओढणी घट्ट धरून येते, आई गेली की ओढणी हातातच राहते, मग दिवसभर ती ओढणी आमची. परवा तिनं ती घडी करून माझ्या मांडीवर ठेवली आणि खेळायला गेली. मला इतका आनंद झाला की मी बावळटासारखी सगळ्यांना सांगत सुटले. बाबा म्हणाले होते ना, “पोरं सांभाळायला कशाला लागतंय शिक्षण? तुझ्या आजीनं काय डिप्लोमा केला व्हता का?” चिकलठाण्याच्या कंपनीतलं पॅकिंगचं काम सोडते म्हटल्यावर घरात सगळेच तोंड फुगवून बसले होते. तू एकटी माझ्या बाजूनं उभी राहिलीस. जेवताना सगळ्यांसमोर म्हणालीस, रत्नाला जाऊ द्या, तिच्या हातात लेकरं थांबतात. तुझं ते बोलणं मी रोज आठवते. म्हणूनच आजचं हे लिहिणं अवघड जातंय. तू मला या शिक्षणाला घातलंस आणि त्याचा पहिला उपयोग मी तुझ्याच लेकरावर करतेय.

आमच्या नसरीन मॅडम पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात भरवतात. जे दिसलं ते सांगा, जे वाटलं ते सांगू नका. मूल हट्टी आहे म्हटलं की त्या लगेच अडवतात. हट्ट कुणी पाहिला? त्यानं चप्पल घातली नाही आणि तो जमिनीवर बसला, एवढंच तुम्ही पाहिलंत. सुरुवातीला मला हे फार चमत्कारिक वाटायचं, आता सवयच लागलीय. वर्गातून बाहेर पडलं तरी ती सवय काही सुटत नाही. रिक्षात, किराणा दुकानात, कुठंही लेकरू दिसलं की माझे डोळे तिकडंच.

एकदा मॅडम कानांबद्दल शिकवत होत्या. तान्हं मूल आवाजाला दचकतं, वर्षाचं मूल नावाला वळतं, असं सगळं. मी नीट ऐकत होते आणि मध्येच मला चौदा एप्रिल आठवला. क्रांती चौकात आपण सगळे होतो, डीजेच्या भिंतीला अगदी खेटून. माझ्या छातीत धडधडत होतं, तू कानात बोटं घातली होतीस, शेजारची पोरं रडत होती. आणि आपली यशू निळा फेटा बांधून प्रणयदादाच्या खांद्यावर गाढ झोपली होती. दादानं केवढ्या कौतुकानं व्हिडिओ काढला. आई तर ज्याला त्याला दाखवत होती, “आमची वाघीण बघा, एवढ्या आवाजात बी झोपली, डोळा उघडला नाय.” आपण सगळे हसलो. मीही तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता. मॅडमच्या वर्गात बसल्या बसल्या मी वही मिटली. दमली असेल, म्हणून झोपली असेल, असं स्वतःला समजावत राहिले. लेकरं कुठंही झोपतात. पण मग दिवाळीही आठवली. सुतळी बॉम्बला न घाबरणारी यशू.

म्हणून त्या रविवारी मी घरी लासूरला आले होते. तुम्हाला सांगितलं, आईची आठवण आली. यशू पाठमोरी बसलेली असताना मी तिच्यामागं डब्याचं झाकण पाडलं. ती झटकन वळली! मला तर नाचावंसं वाटलं. तिला उचलून इतके मुके घेतले की ती वैतागली. मग मनात आलं, झाकण पडल्यावर फरशी हादरली असेल, ते तिला बसल्या जागी जाणवलं असेल. दुपारी ती गोधडीवर खेळत होती तेव्हा मागून हळूच नावानं हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग टाळी वाजवली. ती बाहुलीचे केस ओढत बसली. संध्याकाळी आई ओसरीवरून ओरडली, यशू, भाकर खायला ये. यशू उठून आली, आणि आई म्हणाली, बघा, म्हणे बोलत नाय, समदं समजतंय तिला. पण मी बघत होते गं. आधी काळू उठला. भाकरीचं नाव काढलं की तो कुत्रा उठतोच. तो उठून निघाला ते यशूनं पाहिलं, आणि मग ती उठली.

मी हे सगळं मॅडमना सांगितलं. नाव सांगितलं नाही, एका ओळखीच्या घरी म्हणाले. त्यांना कळलंच. मला जवळ बसवून म्हणाल्या, “रत्नमाला, हम डॉक्टर नहीं हैं. लेकराला ऐकू येत नाही असं तू सांगू शकत नाहीस. पण कान तपासून घ्या, हे सांगितल्याशिवाय तुला राहताही येणार नाही.” तपासणी दुखत नाही म्हणे. लेकरू झोपलेलं असताना यंत्र लावून बघतात. कमी ऐकू येत असेल तर कानाला मशीन मिळतं, आणखीही इलाज असतात, पण बोलणं शिकायची वर्षं हीच असतात, म्हणून वाट बघायची नाही. आई म्हणते, आमच्यातली पोरं उशिराच बोलतेत, प्रणय बी चार वर्साचा झाल्यावर बोलला. असेलही. मी चुकत असेन तर देव पावला असं मी म्हणणार नाही, आपल्या घरात ते चालत नाही, पण माझ्याइतकं खूश कुणी नसेल. मी चुकावं असं मी रोज मनात म्हणतेय. आणि बरोबर निघाले तर? तेव्हा घरात काय होईल ते मला बसल्या जागी ऐकू येतंय. आईला आधीच तुझं पार्लर डोळ्यांत खुपतं. माय दिवसभर दुसऱ्याच्या भुवया कोरत बसती, लेकराशी बोलणार कोण, हे तिनं माझ्यासमोर म्हटलंय. कान तपासायचे म्हटलं की सगळ्याचं खापर तुझ्यावर फुटेल आणि तू मेहनतीनं उभं केलेलं पार्लर बंद करायला लावतील. दादा वाईट नाही, पण आईपुढं त्याचं तोंड उघडत नाही, हे लग्नाआधीच मी तुला सांगितलं होतं. म्हणून इतके दिवस मी गप्प होते. फोन लावायचे, यशू काय करतेय विचारायचे आणि ठेवून द्यायचे.

आता खरं ते सांगते. हे सगळं तुला कळावं म्हणून मी लिहिलेलं नाही. त्या रविवारी निघताना मी दारात सँडलचा पट्टा लावत होते. यशू आत पाठमोरी बसून भातुकली मांडत होती. तू तिला हाक मारली नाहीस. पाय आपटलास, आणि ती लगेच वळून हसली. मग तुझं माझ्याकडं लक्ष गेलं आणि तू म्हणालीस, पायाला मुंग्या आल्यात गं. रेल्वेत बसल्यावर मला रडू आवरेना. मोने, तुला माहीत आहे. कधीपासून, ते मी विचारणार नाही. बोललीस तर काय होईल हे ठाऊक असल्यामुळं तू ते एकटीनं पोटात ठेवलंस. आता ठेवू नको. तू कुणाला काही सांगायचं नाही, येत्या रविवारी मी येते आणि आई, बाबा, दादा सगळ्यांसमोर मीच बोलते. तू पहिल्यांदाच ऐकतेयस असं दाखव. माझ्यावर चिड, मोठ्यानं चिड, मला चालेल. दोन बुकं शिकली आणि आमच्या पोरीत खोट काढायला लागली, असं आई मला म्हणेल. म्हणू दे, मी तिची लेक आहे, मला घराबाहेर काढणार नाही. सोमवारी सकाळच्या गाडीनं तू, मी आणि यशू इकडं येऊ. दवाखान्यात नाव घालून ठेवलंय. तपासणी होईपर्यंत तू पार्लरला कुलूप लावायचं नाहीस, कुणी कितीही सांगितलं तरी. आणि रविवारी मी आल्यावर यशूला बोलवायचं असेल तेव्हा माझ्यासमोर बिनधास्त पाय आपट.

तुझीच,
रत्ना