आप्पांच्या चहातलं कॉर्नफ्लोअर

जिनेंद्र,

आप्पांना बेळगावला दवाखान्यात ठेवलंय. त्यांचे कपडे न्यायला आलते. तू घरात न्हाईस, फोन उचलत न्हाईस, म्हणून लिहिते.

पॅरालिसिसनंतर त्यांना पातळ काही नीट गिळता येत न्हाय, म्हणून डॉक्टरांनी चहा-पाणी घट्ट करायला झँथन गमची पावडर दिलती. "हे केमिकल हाय" म्हणून तू ती टाकून दिलीस आणि मला न विचारता चहात कॉर्नफ्लोअर शिजवलंस. दिसायला दोन्ही घट्टच. पण कॉर्नफ्लोअर तोंडातल्या लाळेनंच पातळ होतं, गम तसा होत न्हाय. आप्पा घोट किती वेळ तोंडात धरून बसतात, तुला ठाऊक हाय. गिळेपर्यंत त्याचं पाणी झालं आणि छातीत उतरलं. "आक्का, ठसका कुणालाबी लागतो," म्हणून तू गाडी घेऊन निघून गेलास. मागं त्यांचे ओठ निळे पडले. शेजारच्या ब्राह्मीवहिनींनी कार काढली म्हणून वेळेत पोचलो.

आता ऑक्सिजनवर हायत, बोलतायत. गमचा नवा डबा घेऊन ये. न्हाय मिळाला तर तसाच ये, पण त्याच्याबदली इसबगोल आणू नकोस. ते घशातच फुगून बसतं.

तुझं जेवण झाकून ठेवलंय. दिवस मावळायच्या आत खा आणि मग नीघ.

आप्पांनी विचारलं, "चहा कुणी केलता?" मी म्हटलं, मी. त्यांनी तोंड फिरवलं. खरं काय ते तू येऊन सांग, मी सांगणार न्हाय.

त्रिशलाक्का